अडीच फूट

गेल्या वर्षी माघ उतरतीला लागला होता. शनिवारी सकाळी साडेसात वाजता पाचशे एक रुपये प्रवेश फी भरून पाखऱ्या आणि चिक्या या जोडीचं नाव शंकरपटात नोंदवलं. पैसे मी दिले. हजर होते माझा मेहुणा आणि पाखऱ्याचा मालक गजानन ऊर्फ गजू, चिक्याची मालकीण सुनंदाबाई, निशाण पाडणारे रामभाऊ आणि मी. बैल हजर नव्हते. ते अजून पिकअपमधून उतरायचे होते.

हे सगळं या आठवड्यात पुन्हा वर आलं ते एका वासाने. मी चिखलीला एका जिनिंगच्या वजनकाट्यावर बसतो. आता कापसाचा हंगाम संपत आला आहे. कार्तिकात फाटकाबाहेर दूरवर लागणारी गाड्यांची रांग चार-पाच गाड्यांवर आली आहे. दुपारी काट्याच्या खोलीत बसलो असताना मागच्या कुंपणाजवळ हमालांनी हरभऱ्याची हिरवी झाडं पेटवली, हुळा भाजायला. पाल्याचा तो कडवट-गोड धूर खिडकीतून आत आला आणि मी एका गाडीचं वजन लिहिता लिहिता थांबलो. समोरचा ड्रायव्हर म्हणाला, "काऊन साहेब, काटा बिघडला काय?"

काटा बिघडला नव्हता. मला पट आठवला होता.

बैलजोडी हलक्या छकड्याला जुंपून एका सरळ पट्टीवर पळवायची, हा आमच्याकडचा शंकरपट. इतर ठिकाणी दोन-चार गाड्या शेजारी शेजारी पळतात. आमच्या मोताळ्याकडच्या पटात जोडी एकटीच पळते, घड्याळाशी. पट्टी साडेतीनशे फुटांची. चांगली जोडी ती सात सेकंदांच्या आसपास कापते. पहिला कोण आणि पाचवा कोण हे सेकंदाच्या शंभराव्या भागात ठरतं. जो माणूस बारा टनांच्या गाडीत दहा किलो कमी-जास्त झाले तर अस्वस्थ होतो, त्याला हा खेळ आवडणारच.

पण मधली बंदीची वर्षं धरून वीस वर्षं मी तो बाहेरूनच पाहिला. माझी सासुरवाडी धामणगाव बढ्याच्या अलीकडे. पटाला जावई गेला म्हणजे त्याला मांडवात पुढची खुर्ची, खांद्यावर टॉवेल, हातात नारळ. समोरून काहीतरी सुसाट जायचं, धूळ उठायची, धूळ बसेपर्यंत भोंग्यातून आकडा यायचा, आणि शेजारचा माणूस म्हणायचा, "पाह्यली काय जोडी?" मी म्हणायचो, पाहिली. खरं तर पाहिलेली नसायची. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी एक दिवसात चाळीस जोड्यांचे आकडे वहीत उतरवले होते आणि रात्री जेवताना सासऱ्यांना सरासरी सांगितली होती.  ते माझ्या बायकोला म्हणाले, "मंगल, जवाईबापूले अजून एक भाकर वाढ."

गेल्या वर्षी मात्र मला आत घेतलं. पटाच्या पंचांनी वेळ मोजायचं यंत्र भाड्याने आणलं होतं. यंत्राबरोबर आलेला माणूस एकच, आणि तो शेवटच्या रेघेजवळ आकड्यांच्या पाटीपाशी बसणार. सुटण्याच्या रेघेवर एका बाजूला किरण सोडणारा खांब आणि दुसऱ्या बाजूला आरसा. बैलांनी तो किरण तोडला की घड्याळ सुरू. त्या खांबाजवळ कोणीतरी बसून, हिरवा दिवा लागला आहे ना हे पाहून रामभाऊंना हात दाखवायचा होता. रामभाऊ सत्तरीचे, पांढरं निशाण पाडायचा मान त्यांचा. त्यांनीच माझं नाव सुचवलं.

"जवाईबापू काट्यावर बसतेत. त्याहिले आकडे समजतेत."

मागून कोणी तरी म्हणालं, "साळ्याची जोडी अन् जवायाचं घड्याळ. मंग काय पाह्याचं!"

सगळे हसले. मीही हसलो. छातीवर पिवळी फीत लावून घेतली आणि बल्ल्या-दोरखंडाच्या कुंपणातून आत गेलो.

बाहेरून पट सात सेकंदांचा असतो. आतून तो दोन दिवसांचा आहे, आणि त्यातला बहुतेक वेळ शांततेचा आहे. हे मला ठाऊक नव्हतं. सुटण्याच्या रेघेमागे सोयाबीन निघालेलं दोन एकर रान होतं. तिथे बाभळींच्या सावलीत साठ-सत्तर जोड्या. इतके बैल आणि इतकी माणसं एकत्र, तरी आवाज कमी. गळ्यातल्या घुंगरमाळा काढून चाकाला अडकवलेल्या. मालक बैलाशी बोलतात ते पुटपुटल्यासारखं, आजारी माणसाजवळ बोलावं तसं. भोंगा समोरच्या प्रेक्षकांकडे तोंड करून लावलेला, त्यामुळे मागे त्याचे शब्द पोहोचत नव्हते, नुसता चढ-उतार यायचा. पिकअप मातीच्या ढिगाला पाठ लावून उभ्या राहायच्या आणि बैल फळीवरून एकेक पाय तपासत उतरायचे. फळीवर पाय ठेवण्याआधी जवळजवळ प्रत्येक बैल ती हुंगतो. मी मोजलं. अकरा बैलांपैकी नऊ हुंगले, दोन नाही. ते दोन एकाच मालकाचे होते.

जनावरांचे डॉक्टर प्रत्येक बैलाच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर वाचत, मग छाती ऐकत, मग खूर उचलून पाहत. आता चाबूक नाही, खिळा लावलेली काठी नाही. धुरकऱ्याने, म्हणजे छकडा हाकणाऱ्याने, नुसत्या कासऱ्यावर आणि आवाजावर जोडी पळवायची. आवाजही प्रत्येकाचा वेगळा. एक जण कोंबडीसारखा चुकचुकायचा. एक नुसता "चाल राजा, चाल राजा" म्हणायचा, तेही इतक्या हळू की दहा फुटांवर ऐकू येऊ नये. डाव्या खांद्याचा बैल डावीकडेच जुंपतात, उजव्याचा उजवीकडे. बाजू बदलली तर चांगला बैलही गोंधळतो. जू उचललं की बैल आपल्या बाजूला आपण होऊन येऊन मान खाली घालतो. ते मी प्रथमच जवळून पाहिलं. हेच पाहायला मी वीस वर्षं पुढच्या खुर्चीत बसलो होतो की काय, असं वाटलं.

गजूचा पाखऱ्या उजव्या खांद्याचा. तांबूस अंगावर पांढरे ठिपके. गजू स्वतः त्याचा धुरकरी, कारण गजू अंगाने काडी आहे, कपड्यांसकट बावन्न किलो. मी काट्यावर करून पाहिलं आहे. पाखऱ्या गोऱ्हा होता तेव्हा पटावर बंदी आली. ती बंदी सात वर्षं राहिली. बैलाच्या पळण्याच्या वयातली चांगली वर्षं त्यातच गेली. गावातल्या लोकांनी पटाचे बैल विकले किंवा शेतीला लावले. गजूने पाखऱ्याला रोज पहाटे नदीच्या वाळूत नुसतं पळवलं, कोणी पाहायला नसताना. दिवाळीला आम्ही गेलो की मंगल भावाला म्हणायची, "काय त्या बैलाले खाऊ घालून राह्यला रे बसल्या जागी?" तो म्हणायचा, "बाई, बंदी त्याच्यावर हाय. त्याच्या पोटावर नाई."

बंदी उठली तेव्हा पाखऱ्या आठव्या वर्षात होता. तरी पळाला. चौथा आला, दुसरा आला, दोनदा तिसरा आला. पहिला कधीच आला नाही. गेल्या वर्षी तो अकराव्यात होता. नोंदणीच्या टेबलावरच गजूने सगळ्यांसमोर सांगितलं, "यंदा पाखऱ्याचं शेवटचं पळणं. यानंतर तो बसून खाईल." त्याला बक्षिसाचे एकतीस हजार नको होते असं मी म्हणणार नाही. पण त्याला खरं हवा होता तो हार. पहिल्या नंबरच्या बैलाच्या गळ्यात झेंडूचा जाड हार घालतात आणि गावातून वाजत नेतात. एकदाच. पाखऱ्यासाठी.

डाव्या खांद्याचा चिक्या सुनंदाबाईंचा. त्या शेजारच्या गावच्या, पन्नाशीच्या, मिरची आणि वांगी लावतात. एक बैल एकाचा, एक दुसऱ्याचा आणि बक्षीस निम्मं-निम्मं, अशी साझ्यातली जोडी पटात नेहमीची. बैल त्यांनी स्वतः वाढवलेला. त्या दोन्ही दिवस त्याच्याजवळून हलल्या नाहीत. डब्यातलं त्याला आधी, मग आपल्याला. मी विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटत, एवढ्या वेगाने पळतो? त्या म्हणाल्या, "पोरगी सासरी धाडली तवा वाटली होती. हा तं सांजच्याले घरी येते."

शनिवारी जोडीने सात सेकंद सोळा शंभरांश घेतले. साठ-सत्तर जोड्यांत तो चौथा आकडा होता. वरच्या दहा जोड्या रविवारी पुन्हा पळणार, आणि दोन दिवसांतली चांगली वेळ धरणार.

रविवारी सकाळी रामभाऊंनी मला रेघ दाखवली. म्हणजे आधी रेघ दाखवली आणि मग रेघेच्या दोन्ही टोकांना जमिनीत सपाट ठोकलेल्या लोखंडी खुंट्या. "चुना पुसते. खुंटी नाई पुसत," ते म्हणाले. त्यांच्या तरुणपणी किरण नव्हता. सुताचा धागा ताणायचे, धागा तुटला की दोन शिक्षक दोन हातघड्याळं दाबायचे आणि दोघांची सरासरी काढायचे. "मंग भांडणं नाही व्हायची?" मी विचारलं. "व्हायची ना. पण तवा मास्तरशी भांडता येत होतं. या खांबाशी काय भांडाचं?"

दुपारी आतल्या लोकांची पंगत झाली. गोवरीच्या आरात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरून तूप. धुरकरी लोक मात्र जेवत नाहीत, नुसता चहा. गजू बाभळीला पाठ लावून बसला होता आणि पाखऱ्या त्याच्या डोक्याचा टॉवेल चाटत होता. ऊन उतरणीला लागलं होतं. बांधापलीकडे कोणाचा तरी गहू पिवळा पडत होता, आणि त्याच्याही पलीकडे हुळ्याचा धूर. मला त्या वेळी वाटलं, असंच आणखी दोन-तीन तास काही घडू नये.

चार वाजता वरच्या दहा जोड्या सुटायला लागल्या. मी खांबाजवळ पाटावर बसलो होतो. तिथून बैलांचं पोट दिसतं, मागच्या पायांच्या शिरा दिसतात. सुटण्याआधी दोघे जण वेसण धरून उभे असतात. निशाण पडलं की ते बाजूला उड्या मारतात आणि त्या क्षणी आठ पाय एकदम जमीन ढकलतात. ते कानाला ऐकू येण्याआधी पाटाखालून जाणवतं. आठ जोड्यांत मी एकदाही दिवा पाहायचा विसरलो नाही.

नववी जोडी सुटता सुटता तिरपी झाली. छकड्याचं चाक खांबाला लागलं, खांब आडवा, रेघ आखायला ठेवलेलं चुन्याचं घमेलं पालथं, सगळीकडे धूळ. त्या जोडीची वेळ नोंदली गेली होती. कोणाला लागलं नव्हतं. मी खांब उचलला, पुसला. खाली पांढरी रेघ दिसत होती. तिच्यावर खांब उभा केला. समोर रामभाऊंनी माझ्या रेषेत आरसा आणला. हिरवा दिवा लागला. मी हात दाखवला.

दहावी आणि शेवटची जोडी गजूची होती.

पाखऱ्या कसा पळाला हे मला लिहिता येणार नाही. तो माझ्या गुडघ्यापासून चार फुटांवरून गेला. त्याचा डोळा एकदा दिसला, शांत होता. गजूने काहीच आवाज केला नाही. नंतर विचारलं तेव्हा म्हणाला, "काही म्हणाचंच नोतं." भोंग्यातून आकडा आला तो मागेही स्पष्ट ऐकू आला. सात सेकंद दोन. त्याआधीचा सगळ्यात चांगला आकडा सात पाच होता. तीन शंभरांशांनी पाखऱ्या पहिला.

लोक पट्टीवर धावले. मी माझ्या कामाला लागलो. खांब उचलला, आणि पालथं घमेलं उचलायला मागे वळलो तर पायाला काहीतरी कठीण लागलं. खुंटी. धुळीने झाकलेली. बुटाने धूळ सारली. खुंटीच्या रेषेत सकाळच्या चुन्याचे पुसट ठिपके होते. मी ज्या पांढऱ्या रेघेवर खांब उभा केला होता ती घमेल्यातून सांडलेल्या चुन्याची होती. खुंटीपासून पुढे. माझ्या खिशात टेप असते. अडीच फूट.

साडेतीनशे फुटांना सात सेकंद, म्हणजे एका सेकंदाला पन्नास फूट. अडीच फुटांना पाच शंभरांश, सुटताना वेग कमी असतो म्हणून निदान तेवढे तरी. घड्याळ पाच शंभरांश उशिरा सुरू झालं. खरी वेळ निदान सात सेकंद सात. पहिला नाही, फार तर दुसरा. हा हिशोब करायला मला वेळ लागला नाही. वेळ लागला तो पुढच्या हिशोबाला.

वजनकाट्यावर पहिली शिकवण एकच असते. गाडी चढवण्याआधी काटा शून्यावर आहे का पाहा. एका हंगामात मी हे हजारो वेळा करतो. हिरवा दिवा लागला म्हणजे किरण आणि आरसा जुळले. शून्य जागेवर आहे की नाही हे दिव्याला कळत नाही. ते माणसाने पाहायचं असतं, आणि सकाळीच कोणीतरी मला खुंटी दाखवली होती. मी ती का पाहिली नाही, तर मी पाखऱ्याला पाहत होतो. मला मजा येत होती.

मी लगेच पंचांकडे गेलो असं लिहायला आवडलं असतं. मी आधी चहा घेतला. उभ्याने, पूर्ण कप. खुंटी पुन्हा धुळीखाली गेली होती. सोमवारी तिथे ट्रॅक्टर फिरणार होता. मला कोणी काही विचारलं नसतं. पट्टीच्या त्या टोकाला गजू एका हाताने पाखऱ्याची वेसण धरून दुसऱ्या हाताने फोनवर मंगलला बैल दाखवत होता. ती माहेरी, गजूच्या घरी, रात्रीच्या स्वयंपाकाला लागली होती. तिचा आवाज फोनमधून चिरकून येत होता, "त्याचं तोंड दाखव रे, तोंड दाखव." मागून आलेला तो टोमणा आठवला. साळ्याची जोडी, जवायाचं घड्याळ. मग मी पट्टीवरून चालत गेलो. एकशे बत्तीस पावलं.

पंच तिघे होते. सांगितल्यावर त्यातले एक म्हणाले, "जवाईबापू, कोणं पाह्यलं हे?"

"मी."

"मंग जाऊ द्या ना."

"मीच ठेवला होता खांब."

ते रामभाऊंना घेऊन खुंटीपर्यंत आले. टेप धरली. रामभाऊंनी धोतराच्या सोग्याने खुंटी पुसली. मी पाच शंभरांशांचा हिशोब सांगितला आणि म्हणालो, सात सात धरा, दुसरा नंबर द्या. पंचांनी मान हलवली. कागदावरची धाव धरता येत नाही. यंत्र चुकीच्या जागी होतं, म्हणून धाव बाद. एक तासाने जोडी परत सोडा, नाहीतर कालची वेळ धरू. ते बरोबर होतं. मी त्यांच्या जागी असतो तर तेच म्हणालो असतो.

गजूला मीच सांगितलं. त्याने फोन खिशात ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही. पाखऱ्याच्या कानामागे हात घातला, तिथला घाम बोटांनी पाहिला, मग त्याच्या नाकपुड्यांसमोर तळहात धरून बराच वेळ उभा राहिला.

"नाई सोडत," तो म्हणाला.

"तासभर वेळ आहे, गजू. डॉक्टरांना विचारू."

"त्यानं शेवटचं पळणं देऊन टाकलं, भाऊजी. आता दुसरं शेवटचं कुठून आणू?"

सुनंदाबाई चिक्याला पाणी पाजत होत्या. त्यांनी बादली खाली ठेवली आणि मला म्हणाल्या, "येवढं खरं बोलाचं होतं, तं आंधी पाहून ठेवाचं होतं."

  त्या दिवसाबद्दल लोकांनी नंतर माझं कौतुक केलं, जिनिंगमध्येही केलं, तेव्हा मला दर वेळी हेच वाक्य ऐकू आलं. चूक सांगितल्याचं श्रेय मिळतं. पण सांगावी लागली ती चूक कोणाची होती, हे लोक सोडून देतात. सुनंदाबाईंनी सोडलं नाही. म्हणून त्या मला आवडतात.

शनिवारचे सात सोळा धरले. रविवारी दोन जोड्यांनी त्याहून कमी वेळ घेतली होती, आणि शनिवारच्या ज्या तीन जोड्या आमच्यापुढे होत्या त्यांतल्या याच दोन. तिसऱ्या जोडीने शनिवारच्या धावेत बैल बदलल्याचं कानातल्या नंबरावरून निघालं आणि ती आधीच बाद झाली होती. म्हणजे पाखऱ्या आणि चिक्या तिसरे. अकरा हजार. साडेपाच सुनंदाबाईंना, साडेपाच गजूला. तिसऱ्या नंबरला हार नसतो, नारळ असतो.

परतताना गजू पिकअपच्या मागे बैलाजवळ उभा राहिला. मी पुढे ड्रायव्हरशेजारी. घरी मंगलने दारातच भाकरतुकडा ओवाळला, पाखऱ्याच्या पायावर पाणी घातलं, आणि मग मला विचारलं, "तुमी काऊन बोलले?" मी म्हणालो, रेघ चुकली होती. ती म्हणाली, "हाव, ते कळलं." आणि ताट वाढलं. त्या रात्री अजून एक भाकर वाढ असं सांगणारं कोणी नव्हतं. सासरे जाऊन सहा वर्षं झाली होती.

गजूने त्यानंतर सव्वादोन महिने फोन केला नाही. अक्षय्य तृतीयेला आम्ही गेलो तेव्हा पाखऱ्या गोठ्याबाहेर लिंबाखाली बसला होता, रवंथ करत. पहाटेचं पळणं बंद झालं होतं. त्याच्या मानेवरचे केस वाढले होते आणि तो मला म्हातारा न वाटता सुट्टीवरच्या माणसासारखा वाटला. मी त्याच्यासमोर उभा राहिलो. त्याने माझा हात हुंगला, फळी हुंगावी तसा, आणि मान वळवली. मागून गजू म्हणाला, "टेप आणली काय?" मी म्हणालो, आणली. "मंग लांबी मोजा त्याची. लठ्ठ होऊन राह्यला." आम्ही मोजला. खांद्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत पाच फूट एक इंच. एवढंच बोलणं झालं. जेवताना मात्र त्याने माझ्या ताटात तूप सोडलं, न विचारता.

मला अजून आठवते ती जेवणानंतरची दुपार. काही घडण्याआधीची. बाभळीची सावली, टॉवेल चाटणारा बैल, चाकाला अडकवलेल्या मुक्या घुंगरमाळा. आकड्यांच्या बाहेरची ती वेळ होती, आणि मी आत होतो. पुन्हा बोलावलं तर जाईन की नाही, हे मी वर्षभर स्वतःला विचारत होतो. उत्तर प्रत्येक वेळी होकारार्थीच येत होतं आणि त्याची थोडी लाजही वाटत होती.

हुळ्याचा धूर खिडकीतून आला त्याच संध्याकाळी गजूचा फोन आला. यंदा त्याची जोडी नाही. चिक्याला सुनंदाबाईंनी दुसऱ्या गावच्या बैलाबरोबर साझ्यात घातलं आहे. रामभाऊंचे डोळे अधू झालेत, म्हणून निशाण या वर्षी गजूच्या हातात आहे.

"अन् खांबाजवळ?" मी विचारलं.

"पंच म्हणे, तोच माणूस पाह्यजे."

"का?"

"मी नाई इचारलं. तुमी येताना चुना घेऊन या. अन् खुंट्या, चांगल्या हातभर लांब. डोकं लाल रंगवलेल्या."

काल, शुक्रवारी, मी चिखलीच्या हार्डवेअरच्या दुकानातून चुन्याचं एक पोतं आणि दोन लोखंडी खुंट्या घेतल्या. रंग घरी होता. संध्याकाळी मोताळ्याकडे गेलो. आम्ही दोघांनी सुताची दोरी ताणली, खुंट्या ठोकल्या, आणि मी त्यांच्या मध्ये चुन्याची रेघ ओढत असताना गजू निशाणाची काठी घेऊन शेजारून चालत होता. पाखऱ्याला त्याने बरोबर आणलं होतं, मोकळाच. तो पट्टीच्या मधोमध उभा राहून कोणाच्या तरी गव्हाकडे पाहत होता.

चुना आणि खुंट्या मिळून तीनशे चाळीस रुपये झाले होते. मी नको म्हणत असताना गजूने पैसे माझ्या हातात ठेवले. मी मोजले. तीनशे पन्नास निघाले. दहा परत दिले. त्याने ते घेतले.